बीसीएम बदलायचा? आधी मल्टिमीटर काढा

आपल्या शेंद्र्यात 2001 साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. त्या वयाच्या गाड्या गॅरेजात आल्या की तक्रारी ठरलेल्या: काच मध्येच अडकते, सेंट्रल लॉक आपोआप पडतं. लगेच ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलं’ म्हणून मोकळे होऊ नका!

बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग लाइट लावून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि बॉडी यांच्यात व्होल्टेज मोजा. 0.2 च्या वर आलं तर अर्थिंग घासून घट्ट करा. फ्यूज पाहा, कनेक्टरमध्ये हिरवा गंज आहे का तेही बघा.

तरीही मॉड्यूलच खराब निघालं, तर ते काढण्याआधी स्कॅनरवर जुनं कोडिंग वाचून ठेवा. जुन्या बाजारातलं घेताय? पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवा. काही गाड्यांत चावीचा इमोबिलायझर यातच असतो. तो जुळला नाही की गाडी सुरूच होत नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं!

एस्टिमेटवर तपासणी, मॉड्यूल आणि कोडिंग वेगवेगळं लिहा. नुसतं अर्थिंग घासून काम झालं तरी तपासणीचे पैसे घ्या, लाजू नका. इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. तेही लिहून, ऑर्डर देण्याआधी गिऱ्हाइकाची सही घ्या.