घरांतील आवाज नव्या तबकडीवर

माळ्यावरील पेटींतल्या रेकॉर्डी व कॅसेटी सी.डी.वर उतरवून घ्याव्या असें घरांत ठरलें, म्हणजे पहिला हात बहुधा बालगंधर्वांच्या रेकॉर्डीवर पडतो. हा क्रम उलटा होय. बालगंधर्वांचें पद आणखी कित्येक संग्राहकांपाशीं सांपडेल; पण ज्या कॅसेटींत आजीनें ओव्या म्हटल्या आहेत, तिची दुसरी प्रत जगांत नाहीं. शिवाय लाख व दगडाची भुकटी यांची तबकडी न फुटल्यास शंभर वर्षेंहि टिकते. १९६३ सालीं निघालेल्या कॅसेटींतील फीत म्हणजे मात्र प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर बसविलेला चुंबकीय कणांचा थर; कोंकणासारख्या दमट हवेंत तिला बुरशी लवकर धरते. तेव्हां आरंभ कॅसेटीपासून करावा.

वर्षानुवर्षें न वाजविलेली फीत प्रथम एकदां पुढें व एकदां मागें पुरती गुंडाळून घ्यावी. यंत्राचें हेड स्पिरिटांत भिजविलेल्या बोळ्यानें पुसावें. आवाज दबलेला आला तर दोष फितीचाच असतो असें नाहीं. जिच्यावर मुद्रण झालें त्या यंत्राच्या हेडचा कोन निराळा असूं शकतो. हेडजवळील लहान स्क्रू किंचित् फिरवितांच पुष्कळदां स्वर उजळतात.

रेकॉर्डीची गोष्ट निराळी. लाखेच्या तबकडीस स्पिरिट वर्ज्य, कारण त्यांत लाख विरघळते. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डीची खोबण रुंद असल्यामुळें तिला सुमारें तीन सहस्रांश इंच त्रिज्येच्या टोंकाची सुई लागते. लाँग-प्लेची सुई एक सहस्रांश किंवा त्याहूनहि बारीक. ती येथें वापरल्यास खोबणीच्या तळाशीं घासते आणि गाण्याहून खरखरच अधिक ऐकूं येते. अगदीं जुन्या रेकॉर्डींच्या फेऱ्याहि नेमक्या ७८ असतीलच असें नाहीं. गायकाची पट्टी ठाऊक असल्यास पेटीवर ताडून पाहावी. पिकअपमधून निघणारा प्रवाह क्षीण असतो, व खोबण कोरतांना खालचे स्वर दाबून वरचे चढविलेले असतात. म्हणून मध्यें फोनो-प्रवर्धक हवाच.

सी.डी.साठीं संगणक हा आवाज सेकंदास ४४,१०० वेळां मोजतो. पातळी अशी ठेवावी कीं मोठ्यांत मोठी तानहि मापकाच्या शेवटास टेकूं नये. तेथें कापला गेलेला स्वर मागाहून मिळत नाहीं.

मग खरखर काढण्याचा मोह होतो. मोहच म्हणावयाचा, कारण एकसारखा चालणारा आवाज तो खरखर, असें संगणकानें धरलेलें असतें, आणि तंबोरा तर एकसारखाच वाजत असतो! खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी जाते, ओवी म्हणणारीचा श्वासहि जातो. आलें तसें मुद्रण अस्पर्श राखावें. साफसफाई काय ती दुसऱ्या प्रतीवर.

घरीं भरलेल्या सी.डी.वर ध्वनि रंगद्रव्याच्या थरांत उमटतो, व उन्हानें तो थर बिघडतो. म्हणून दोन तबकड्या, आणि तिसरी प्रत संगणकाच्या हार्ड-डिस्कवर ठेवावी. आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, हें ओळखणारीं वडीलधारीं माणसें घरांत असतांनाच त्यांना विचारून लिहून घ्यावें. लिहिण्यास मऊ टोंकाचें पेन वापरावें. कागदी चिठ्ठी डकवूं नये, ती एका बाजूस उचलली कीं तबकडी फिरतांना डगमगते.