खाटेखालची पुस्तके

मुलांसाठी पुस्तक लिहिणे अवघड आणि ते छापून निघणे त्याहून अवघड, हे सर्वमान्य आहे. परंतु छापलेल्या हजार प्रतींपैकी सातशे प्रती लेखकाच्याच खाटेखाली येऊन पडल्या म्हणजे पुढे काय करावयाचे, याविषयी आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. केडगावातील माझ्या दोन खोल्यांच्या घरात असे गठ्ठे बरेच दिवस होते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

केडगाव हे एके काळचे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर झाले आहे. नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेला लोक लोटतात. मुलांच्या हट्टापायी आईबाप फुगे घेतात, पिपाण्या घेतात. तासाभरात मोडणाऱ्या मोटारीवरही पैसे खर्च करतात. एका वर्षी तेथे मी पुस्तके मांडून बसलो. मुले थांबत, चित्रे पाहत; आणि आई हात धरून ओढून नेत असे. बालवाङ्मयाच्या बाजारातील मूळ अडचण हीच आहे : वाचणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. वाचणाऱ्याला पुस्तक आवडून भागत नाही. मोजणाऱ्याला ते उपयोगाचे वाटावे लागते. मग लेखक गोष्टीला बोध चिकटवू लागतो, मुखपृष्ठावर ‘संस्कारक्षम’ असे छापून घेतो, आणि मूल त्या पुस्तकापासून दूर पळते.

ही अडचण पूर्वीच्या लोकांना नव्हती असे नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली ‘आनंद’ मासिक काढले, तेव्हा वर्गणीदार आधी आणि मजकूर मागून, असा मार्ग त्यांनी धरला. वर्गणी भरणारे वडीलच होते. पण एकदा ती भरली की वर्षभर दर महिन्याला अंक थेट मुलाच्या हाती पडे. भा. रा. भागवतांनी 1951 साली ‘बालमित्र’ सुरू केले. लेखक, संपादक आणि विक्रेता या तिन्ही भूमिका एकाच माणसाने करावयाच्या म्हणजे काय, हे त्यांनी पुरेपूर अनुभवले. त्यांचा फास्टर फेणे 2017 साली मोठ्या पडद्यावर आला. तो पाहावयास भागवत नव्हते. 2001 सालीच ते गेले होते.

तेव्हा लेखकाने स्वतः पुस्तक विकण्यात कमीपणा नाही, हे मला मान्य आहे. कीर्तनकाराने बिदागी घेतली तर आपण नाक मुरडत नाही. लेखकाने पिशवीतून पुस्तक काढले की मात्र आपल्याला संकोच वाटतो. (हल्लीच्या प्रकाशकांना तर लेखकाची मोबाईलवरील चित्रफीतही हवी असते. मी ती केली. पाहणारे बहुतेक माझेच नातलग होते.)

पण विक्रीची एक रीत मला आता नकोशी झाली आहे. जवळच्याच एका शाळेत मी गोष्ट सांगावयास गेलो होतो. मुले रंगली. नंतर गुरुजींनी जाहीर केले, ‘उद्या प्रत्येकाने ऐंशी रुपये आणावेत.’ दुसऱ्या दिवशी पैसे आणणाऱ्यांची एक रांग आणि न आणणाऱ्यांची दुसरी, असे वर्गात सर्वांदेखत उभे केले गेले. चौथीतील एक मुलगी मुठीत पस्तीस रुपयांची नाणी घेऊन दुसऱ्या रांगेत उभी होती. तिने पुस्तक मागितले नाही. ‘ते करडू शेवटी घरी आले का?’ एवढेच तिने विचारले. मी ‘आले’ म्हणालो. त्या दिवशी बावन्न प्रती खपल्या आणि घरी येईपर्यंत मला कोणाशी बोलावेसे वाटले नाही.

गोष्ट सांगावी ती सर्वांना आणि विकावे ते ग्रंथालयाला, असे मला तेव्हापासून वाटू लागले. नगरचे जिल्हा वाचनालय 1838 सालापासूनचे; ‘ज्ञानोदय’ही 1842 साली याच नगरात निघाला. अक्षरांची ही परंपरा शहराला आहे. राज्यात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. त्या अनुदानातील पुस्तके निवडणारे बहुधा प्रौढच असतात आणि मुलांचे कपाट शेवटी आठवते, असा माझा अनुभव आहे. परगावच्या वाचनालयास दोन प्रती पाठवावयाच्या तर टपालखर्चाचाही विचार आलाच. नोंदणीकृत छापील पुस्तकांची सवलतीची टपालसेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हा माझ्यासारख्यांचा हात आखडला. पुढे 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. त्यात तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांचा दर ठेवला गेला. माझे पुस्तक दीडशे ग्रॅमचे आहे. दोन प्रती, वरचा कागद आणि सुतळी धरून वजन काटा जरासा ओलांडते. म्हणून आता मी पातळ कागदात बांधतो आणि सुतळीऐवजी डिंक वापरतो.

त्या शाळेतही मी पुढे दोन प्रती ठेवून आलो. पैसे घेतले नाहीत. सहा महिन्यांनी गुरुजींनी, काहीशा नाराजीनेच, कळविले की एका प्रतीचे मुखपृष्ठ फाटले आहे आणि दुसरी कोणी घरी नेली ती परत आलेली नाही. तिसरी प्रत मी दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिली.