नामांतराआधी यादी

जुन्या फोटोंच्या संग्रहात स्कॅनिंग उरकलं की डिस्कवर टिफ फाइलींचा ढीग उरतो. ६,००० बाय ४,००० पिक्सेलचं एक रंगीत चित्र न आवळता ठेवलं तर साधारण ७२ एमबी जागा घेतं. हजार चित्रांना ७२ जीबी. ही मूळ प्रत कायम जपायची, आणि अभ्यासकांना दाखवायला हलकी जेपेग प्रत काढायची. एकेक फाइल उघडून हे होण्यासारखं नाही. तिथे इमेजमॅजिक कामाला येतं.

१९८७ साली जॉन क्रिस्टी ड्यूपॉन्ट कंपनीत होते. एका वेळी फक्त २५६ रंग दाखवणाऱ्या मॉनिटरवर त्याहून कितीतरी जास्त रंगांची चित्रं दाखवायची, या गरजेतून त्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं. १९९० मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुलं झालं. या कामाला खिडक्या लागत नाहीत, बटणं लागत नाहीत. एका ओळीची आज्ञा दिली की अख्खा फोल्डर बदलून मिळतो.

त्यातली ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा जपून वापरावी लागते. चित्र लहान करायला सांगितलं आणि प्रती कुठे ठेवायच्या ते सांगितलं नाही, तर ती मूळ फाइलच लहान करून ठेवते. म्हणून मूळ प्रतींच्या फोल्डरला आणि त्यातल्या फाइलींना आधी ‘फक्त वाचा’ अशी परवानगी लावायची आणि जेपेगसाठी वेगळा फोल्डर द्यायचा. मूळ शाबूत असेल तर बिघडलेलं रूपांतर पुन्हा करता येतं.

नाव बदलण्याचं काम वरवर याहून सोपं दिसतं, पण धोका तिथेच जास्त. कॅमेऱ्याचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो सापडतात. सगळे क्रमांक एकाने पुढे सरकवायचे म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली, तर ००१ ची फाइल ००२ वर जाऊन बसते आणि आधीची ००२ पुसली जाऊ शकते. शून्यं न लावता नुसते आकडे दिले, तर बऱ्याच प्रणाली १० ला २ च्या आधी बसवतात. देवनागरी नावांत आणखी एक खोच आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना नाव एकच दिसतं, संगणकाला दोन वाटू शकतात.

फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर फोटोच्या आत नोंदवलेल्या तारखेवरून नाव देतं. आधी नुसती चाचणी घेऊन नवी नावं दाखवायचीही त्यात सोय आहे. मात्र स्कॅन केलेल्या फाइलीत बहुधा स्कॅनिंगचीच तारीख असते. तिच्यावर विसंबलं तर १९५६ सालच्या लग्नाचा फोटो २०१९ चा ठरतो.

तारखेप्रमाणेच माणसं, गाव, प्रसंगही नावात कोंबू नयेत. उद्या ओळख चुकीची निघाली तर नाव पुन्हा बदलावं लागेल आणि त्या नावाने दिलेले जुने संदर्भ तुटतील. नावात दाखल-नोंदवहीतला क्रमांक पुरे. बाकी माहिती सूचीत. आज्ञा चालवण्याआधी जुनं नाव, नवं नाव आणि फाइलीचा चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) अशा तीन रकान्यांची यादी करावी. नाव बदललं तरी चेकसम तोच राहतो, त्यामुळे कोणती फाइल कुठली हे नंतरही पडताळता येतं. ही यादी फोटोंसोबतच जपायची. ती नसेल, तर फोटोच्या पाठीवरचा मजकूर आणि नोंदवहीतली ओळ नेमकी कोणत्या फाइलीची, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.