सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘दा-रा’

शिकायला वय नसते, हे वाक्य आपण सहसा दुसऱ्याला सांगण्यासाठी राखून ठेवतो. स्वतःवर पाळी आली की गुडघे आठवतात, गॅसवरचे दूध आठवते, मुलाची बारावी आठवते. चार वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी सतार शिकायचे ठरवले तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. मंडळी फक्त हसली. विरोधाला उत्तर देता येते, हसण्याला काय देणार? ‘आता शिकून काय करणार?’ हे मात्र शेजारीपाजारी सगळ्यांनी विचारले. मुलगा गिटार शिकत होता तेव्हा हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

डोंबिवलीत राहून रोज मुंबई गाठणाऱ्या बाईकडे सगळ्यात टंचाई असते ती वेळेची. सकाळी डबे, मग फास्ट लोकल, परतताना डब्यातच भाजी निवडणे. यातून रात्री साडेआठ ते साडेनऊ हा तास काढायचा, तर घराची घडीच बदलावी लागते. कुकर नवऱ्याकडे गेला, सासूबाईंची औषधे मुलाकडे. हा तास मिळवणे हाच माझा सतारीचा पहिला धडा होता.

शनिवारी शिकवणीला कल्याणला जाते. कल्याण हे जुन्या जाणकार श्रोत्यांचे गाव. तिथला गायन समाज १९२६ सालचा. इकडे ठाण्यात पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ महापालिका संगीत समारोह भरवते. अशा मैफलींत वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसून मी माना डोलावल्या होत्या. पण ऐकणे वेगळे आणि हातात वाद्य घेणे वेगळे, हे पहिल्याच दिवशी कळले.

माझे सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ते मला ‘ताई’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’. त्यांनी आधी बसायला शिकवले. उजवा पाय डाव्यावरून घ्यायचा आणि भोपळा डाव्या तळपायावर टेकवायचा. दहा मिनिटांत पायाला मुंग्या! मग उजव्या तर्जनीत तारेची नखी. आत घेतलेला आघात ‘दा’, बाहेरचा ‘रा’. महिनाभर एवढेच. डाव्या हाताच्या बोटांना तारेने चरे पडले, मग घट्टे आले. भाकरी भाजताना ते उपयोगी पडतात, हा अनपेक्षित फायदा.

लहान मुले ऐकतात आणि तसेच वाजवतात. आपल्याला आधी समजते आणि बोटांना ते फार उशिरा कळते. मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून का उठते, हे मी पहिल्या दिवशी सांगू शकले. ती समेवर नीट आणायला मला पाच महिने लागले. मींड म्हणजे तार पडद्यावर आडवी ओढून पुढचा सूर काढणे. त्यात बोटभराचा नव्हे, केसभराचा हिशेब. अरबांच्या ‘ऊद’ या वाद्याला तर पडदेच नसतात. सूर सर्वस्वी कानाने शोधायचा. तो शिकणाऱ्या प्रौढांची मला मनापासून कणव येते.

माझी सतार मिरजेची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीचा माथा कानस लावून असा घासतात की कंप पावणारी तार त्याला निसटती शिवत राहते आणि सुराला झणकार येतो. हीच ती जवारी. वाजवून वाजवून तार घोडीत खाचा पाडते, आवाज बद्द होतो, मग जवारी पुन्हा काढावी लागते. माझ्या सतारीची जवारी गेल्या पावसाळ्यानंतर काढली. वाद्य झिजले, म्हणजे आपण वाजवले, याचा केवढा आनंद झाला!

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसले, तेव्हा बाहेरच्या बाकावर सगळी आठ-दहा वर्षांची मुले. एका चिमुरडीने विचारले, ‘काकू, तुमचा मुलगा आत गेलाय का?’ ‘नाही गं, माझाच नंबर यायचाय,’ म्हटल्यावर तिने स्वतःजवळचे चॉकलेट मला दिले.

गेल्या वर्षी सासूबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, मग अंथरूण. भेटायला आलेल्यांचा सूर एकच, ‘आता सतार काही दिवस बंदच ठेव.’ त्यांचेही चुकत नव्हते. घरात दुखणे असताना बाईने वाद्य घेऊन बसणे आपल्याकडे शोभत नाही. मीही सतारीला गवसणी घातली. बाराव्या दिवशी रात्री आतून हाक आली, ‘अगं, साडेआठ वाजून गेले. वाजवत का नाहीस? मला वेळ कळत नाही.’ चार वर्षांत त्यांनी माझ्या वाजवण्याबद्दल चांगले-वाईट एक अक्षर काढले नव्हते. त्या रात्री त्यांच्या खाटेशी बसून यमनचे आरोह-अवरोह वाजवले. त्यातही दोन सूर ढळले. त्या मात्र डोळे मिटून पडून होत्या.

मी मैफल करणार नाही, विशारदही बहुधा होणार नाही. ‘शिकून काय करणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे आजही मोठे उत्तर नाही. पण दिवसाच्या चोवीस तासांपैकी तेवीस मी कोणाची तरी आई, सून, बायको, कारकून असते. उरलेल्या एका तासात मी फक्त विद्यार्थिनी असते. आपल्या घरातही असा एखादा तास कोणी मागत असेल, तर हसू नका. कुकर लावायला घ्या.