घाण्याचं तेल की रिफाइंड? बाटलीत नेमकं काय उतरतं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. मागच्या दिवाळीत मी मोठ्या हौसेनं लाकडी घाण्याचं पाच लिटर शेंगदाणा तेल घरी आणलं. आईनं चकलीसाठी कढई चढवली. थोड्या वेळात तेलावर फेस, मग धूर, आणि घरभर वास. चकल्या बाहेरून काळपट आणि आतून मऊ! उरलेला डबा गॅसशेजारच्या खिडकीत ठेवला, तर दोन-तीन महिन्यांत तेल खवट. आई म्हणाली, "दुप्पट पैसे मोजून हे आणलंस होय रे?"

तेल वाईट होतं का? नाही. मला ते कसं निघतं आणि कशासाठी असतं, हेच ठाऊक नव्हतं. तर आज तेच बघू.

तेल काढायच्या तीन तऱ्हा

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. सोयाबीनमध्ये साधारण 18 ते 20 टक्केच. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिली तऱ्हा, घाणा. उखळात दाणे, त्यात फिरणारी लाट. पूर्वी बैल फिरवायचा, आता मोटर. वेग कमी, म्हणून उष्णताही कमी. पण दाबही बेताचाच, त्यामुळे पेंडीत बरंच तेल राहून जातं, दहा टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणूनच गुरांना घाण्याची पेंड आवडते!

दुसरी, एक्सपेलर. लोखंडी नळीत फिरणारा स्क्रू दाणे चेपत पुढे ढकलतो. दाब प्रचंड, घर्षणानं तेल चांगलंच तापतं. पेंडीत साधारण 6 ते 8 टक्के तेल उरतं.

तिसरी, सॉल्व्हंट. इथे दाबायचं नाही, विरघळवायचं. हेक्झेन नावाच्या द्रवात तेल विरघळतं, मग तापवून हेक्झेन उडवून लावायचं. ते सुमारे 69 अंशांनाच उकळतं, म्हणून तेलापासून वेगळं करणं सोपं जातं. पेंडीत जेमतेम एक टक्का तेल उरतं. सोयाबीनला हीच पद्धत परवडते. मुळात तेल कमी, त्यात घाण्यानं पेंडीत सोडलं तर हाती काय येणार? शेंगदाण्याचं बहुतेक तेल आधी एक्सपेलरनं काढतात आणि उरलेल्या पेंडीतलं सॉल्व्हंटनं.

मग रिफाइंड म्हणजे काय?

इथे बहुतेकांचा घोळ होतो. सॉल्व्हंट ही तेल काढायची पद्धत. रिफाइनिंग ही नंतरची सफाई. एक्सपेलरचं तेलही रिफाइन होतं. मात्र सॉल्व्हंटनं काढलेलं तेल रिफाइन केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही, आणि त्यात हेक्झेन दहा लाख भागांत 5 भागांपेक्षा जास्त चालत नाही.

सफाईत आधी चिकट पदार्थ काढतात. मग कॉस्टिक सोड्यानं आम्लं, मग खास मातीतून गाळून रंग. शेवटी निर्वातात, दोनशे अंशांच्या वर, वाफ सोडून वास घालवतात. म्हणून रिफाइंड तेल फिकट, बिनवासाचं, आणि उशिरा धुरावणारं. सोबत ई जीवनसत्त्वाचा काही भागही जातो.

घाण्याच्या तेलात हे सगळं शिल्लक असतं. चव, वास, रंग, ई जीवनसत्त्व, आणि सोबत चिकट पदार्थ, थोडा ओलावा, बारीक गाळ. आईच्या कढईतला फेस त्यातूनच आला! असं शेंगदाणा तेल साधारण 160 अंशांना धुरावतं. रिफाइंड 230 च्या आसपास. आणि तळणाला लागतात सुमारे 180. आता कळलं चकल्यांचं काय झालं ते?

पद्धत काय बदलत नाही

तेलातली मुख्य चरबी, म्हणजे कुठली फॅटी आम्लं किती, हे बी ठरवतं, यंत्र नव्हे. करडई घाण्यावर काढा नाहीतर कारखान्यात, चरबीची ठेवण तीच. कॅलरीसुद्धा तितक्याच. "घाण्याचं आहे, कितीही खा" हे म्हणणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दाणे ओलसर राहिले, बुरशी लागली, तर त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक, कर्करोगाचा धोका वाढवणारं. बहुतांश विष पेंडीत जातं, पण काही तेलात उतरतं, विशेषतः बारीक गाळासोबत. रिफाइनिंगच्या सोड्यात ते निघून जातं. घाण्यात तशी सफाईच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खराब दाण्याचं तेल लाकडी उखळातून आलं म्हणून चांगलं होत नाही. "नैसर्गिक आहे" हे त्याचं उत्तर नव्हे.

मग घ्यायचं काय?

खरेदीला निघण्याआधी एक गणित करा. घाण्यावर दाण्यातून वजनाच्या साधारण 40 टक्के तेल मिळतं. एक लिटर म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. म्हणजे लिटरमागे सव्वादोन-अडीच किलो दाणे लागले. समजा दाणे 130 रुपये किलो. नुसत्या दाण्यांचेच तीनशेच्या आसपास झाले. पेंडीचे पैसे वजा करा, मजुरी-वीज मिळवा. आता कोणी "शुद्ध घाण्याचं, 180 रुपये लिटर" म्हणाला, तर तुम्हीच ठरवा!

दुसरं, घाणा जवळ असेल तर जाऊन बघा. दाणे कुठून येतात, निवडून घेतात का, काळे-सुरकुतलेले बाजूला काढतात का, हे विचारा. जमलं तर स्वतःचे दाणे निवडून द्या. आणलेलं तेल निवळू द्या, तळाचा गाळ वापरू नका.

तिसरं, काम बघून तेल निवडा. फोडणी, चटणीवर कच्चं, थालीपिठाला वरून, तिथे घाण्याच्या तेलाची चव खरी खुलते. पुऱ्या, चकल्या, मोठं तळण, तिथे रिफाइंड बरं. एकाच घरात दोन्ही राहू शकतात.

चौथं, घाण्याचं तेल महिन्याभराला पुरेल इतकंच आणा. गडद बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. उजेड आणि उष्णता त्याचे शत्रू. करडईचं तर आणखी लवकर खवट होतं.

आमच्याकडे सध्या अर्धा लिटर घाण्याचं आणि वेगळं तळणाचं, अशी वाटणी झाली आहे. यंदाच्या चकल्या नीट झाल्या, आणि आईनं त्याचं श्रेय मला दिलं नाही.

तुमच्या घरी कुठलं तेल येतं, आणि कोण ठरवतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू, तोवर कढईवर लक्ष ठेवा!