घरचा माणूस

२००८ साली तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत जे सल्लागार शिरले, त्यांनी सुरुवातीलाच भरपूर फोटो काढले. त्या फोटोंत सुताची गोदामं आहेत. पोत्यांवर पोती इतकी उंच आणि इतकी दाट रचलेली, की मागच्या रांगेपर्यंत माणूस पोचणं अशक्य. पोत्यांवर चिठ्ठी नाही, रचण्यात क्रम नाही, ओलीपासून आडोसा नाही. सुताचे काही कोन वजनाखाली चेपून गेलेले. कारखान्याच्या आत-बाहेर कचरा, उघडी ठेवलेली रसायनं, वाटेत पडलेली हत्यारं.

हे कारखाने डबघाईला आलेले नव्हते. सरासरी २७० कामगार, वर्षाला साधारण ७५ लाख डॉलरची विक्री. मालक पैसेवाले, बँकेत पत असलेले, धंद्यात मुरलेले. अर्थशास्त्रज्ञांना पडलेला प्रश्न इथूनच सुरू होत होता: इतपत वाढलेला धंदा इथेच का अडतो?

प्रश्न फक्त तारापूरचा नव्हता. चांग-ताई शे आणि पीटर क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे २०१४ साली त्याचं मोजमाप छापलं. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं कामाला असतात. भारतात आणि मेक्सिकोत तेवढंच वय झालेला कारखाना जेमतेम दुप्पट होतो. गरीब देशांत नोकऱ्या का निघत नाहीत, या प्रश्नाचं मोठं उत्तर या फरकात दडलेलं आहे. दुकानं, कारखाने हजारोंनी सुरू होतात. वाढत मात्र नाहीत.

संशयित बरेच होते. सगळ्यात गाजलेला परवाना. १९८३ साली पेरूमध्ये अर्थतज्ज्ञ एर्नांदो द सोतो यांच्या माणसांनी लिमाच्या वेशीवर दोन शिलाई मशिनांचा छोटा कपड्यांचा कारखाना सुरू करण्यासाठी सगळे परवाने रीतसर काढायचे ठरवले. शक्यतो लाच द्यायची नाही, असाही नेम होता. कागद पुरे व्हायला २८९ दिवस लागले. दहा वेळा लाच मागितली गेली आणि दोनदा ती दिल्यावाचून फाइल हलेना. हा आकडा जगभर फिरला, आणि फिरायलाच हवा होता. पण तारापूरच्या कारखान्यांचे परवाने केव्हाच झालेले होते. ते तरी कुठे वाढत होते?

दुसरा संशयित पैसा. श्रीलंकेत २००५ पासून सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुडरफ यांनी अगदी छोट्या धंदेवाल्यांना, चिठ्ठ्या टाकून, दहा किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली. ज्यांना ती मिळाली त्यांच्या भांडवलावरचा परतावा महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास निघाला. बँकेच्या व्याजाहून कितीतरी जास्त. म्हणजे पैशाची अडचण खरीच होती. पण तपशील उलगडला तेव्हा हा फायदा पुरुषांच्या धंद्यांत दिसला, बायकांच्या धंद्यांत सरासरी काहीच दिसला नाही. पुढच्या एका प्रयोगात श्रीलंकेतल्याच छोट्या धंदेवाल्यांना एक माणूस कामावर ठेवण्यासाठी त्याच्या पगारातला काही भाग दिला गेला. पैसे येत होते तोवर माणसं ठेवली गेली. पैसे थांबल्यावर ना माणसं टिकली, ना विक्री वाढली, ना नफा. माणूस स्वस्त करून दिला तरी मालकाला तो कायमचा नको होता.

हे कोडं घेऊन स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि जॉन रॉबर्ट्स, त्यांच्याबरोबर बेन आयफर्ट आणि जागतिक बँकेचे मॅकेन्झी, मुंबईच्या उत्तरेला उतरले. त्यांचा तर्क वेगळा होता. आडकाठी कारखान्याच्या आतच असेल तर? म्हणजे कारखाना चालवण्याच्या पद्धतीत?

यातला अवघड भाग म्हणजे हे सिद्ध करणं. चांगला चाललेला कारखाना शिस्तीचा असतो हे कोणीही सांगेल, पण शिस्तीमुळे तो चांगला चालला, की चांगला चालतो म्हणून शिस्त परवडली? म्हणून औषधाची चाचणी घेतात तशी चाचणी घ्यायचं ठरलं. सतरा कंपन्या तयार झाल्या, त्यातल्या काहींचे एकाहून जास्त कारखाने होते. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची भारतीय माणसं कारखान्यात पाठवली गेली, मालकांकडून पैसा न घेता. सगळ्या कारखान्यांत महिनाभर पाहणी झाली. मग त्यातल्या १४ कारखान्यांत आणखी चार महिने मुक्काम ठोकून सुधारणा करून दाखवल्या गेल्या. सहा कारखान्यांना फक्त पाहणी आणि शिफारशी. कोण कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलेलं.

सुधारणा कसल्या? ऐकायला अगदी साध्या. यंत्र बंद पडण्याआधी त्याची निगा राखायची, ती कधी राखली ते लिहायचं. गोदामातल्या सुताला चिठ्ठ्या लावायच्या, किती आहे ते रोज नोंदायचं. माग किती वेळ बंद होता आणि का, हे टिपायचं. रोज सकाळी मॅनेजर, सुपरवायझर, फिटर यांनी एकत्र बसून कालच्या नोंदी बघायच्या. अशा ३८ गोष्टींची यादी होती. सुरुवातीला सरासरी कारखान्यात त्यातला जेमतेम पाव भागच पाळला जात होता.

मेंडिंग खात्यात थोडा वेळ थांबावंसं वाटतं, कारण सगळी गोष्ट तिथे एका टेबलावर दिसते. विणून आलेलं कापड खालून दिवा लावलेल्या टेबलावरून हाताने ओढत नेतात. कामगार डोळ्यांत तेल घालून बघतो: उभा धागा तुटलेला, आडवा धागा सुटलेला, तेलाचा डाग, गाठ. दोष दिसला की सुई-चिमट्याने तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. या कारखान्यांत जवळजवळ पाचातला एक कामगार याच कामाला जुंपलेला होता. पण तोच दोष त्याच मागावर पुन्हा पुन्हा का येतो, हे विचारायची कुणाकडे सोय नव्हती. नोंद झाली तरी वहीत पडून राहायची, आणि गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की मग पानं चाळली जायची. सल्लागारांनी दोष लिहायची पद्धत बदलली. कुठला दोष, कुठल्या डिझाइनवर, कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत. आणि रोजच्या बैठकीत तो कागद सगळ्यांसमोर ठेवला.

दोष ४३ टक्क्यांनी घटले. सुताचा साठा कमी झाला, त्यात अडकलेला पैसा मोकळा झाला. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. संशोधकांच्या हिशोबाने एका कारखान्याचा वर्षाचा नफा त्यामुळे सुमारे ३ लाख डॉलरने वाढला असावा. नवं यंत्र नाही, नवं कर्ज नाही.

आता खरा प्रश्न उभा राहिला. एवढा फायदा समोर पडलेला असताना या हुशार माणसांनी तो इतकी वर्षं उचलला का नाही? मालकांशी बोलल्यावर एक उत्तर मिळालं. काही गोष्टी त्यांनी ऐकलेल्याच नव्हत्या. बाकीच्या ऐकल्या होत्या, पण त्यांचा इथे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आपला माल शेजारच्या कारखान्याइतकाच बरा आहे, धंदा नफ्यात आहे, मग ही उस्तवार कशासाठी, असा त्यांचा हिशोब. शेजारीही त्याच अंधारात असल्यामुळे कुणालाच आपला अंधार दिसत नव्हता.

पण या उत्तराने समाधान होत नाही. बाजार कशासाठी असतो? एखाद्या मालकाची घडी चांगली बसली तर त्याने वाढत जाऊन ढिसाळांना गिळायला हवं होतं. तसं घडत नव्हतं. म्हणून संशोधकांनी कंपनी किती मोठी होणार हे नेमकं कशावरून ठरतं, याचा ताळा मांडला. सगळ्यात जास्त मेळ ज्या आकड्याशी बसला तो कुठल्याही ताळेबंदात नसतो. मालकाच्या कुटुंबात कर्ते पुरुष किती, भाऊ किती, मुलगे किती, हा तो आकडा. कारभार किती चांगला आहे याचा कंपनीच्या आकाराशी संबंध होता, पण त्याहून कितीतरी कमी. नमुन्यातल्या एका उत्तम चालणाऱ्या कंपनीचा एकच कारखाना होता, कारण मालकाच्या हाताशी भाऊ-मुलगे नव्हते. कारभार यथातथा असलेल्या दुसऱ्या कंपनीचे अनेक कारखाने होते, कारण प्रत्येकावर बसवायला घरचा माणूस होता.

हे वाचताना मला आपल्या कुठल्याही पेठेतलं रोजचं वाक्य आठवतं. चाललेल्या दुकानाच्या मालकाला विचारा, दुसरी शाखा का काढत नाही? तो म्हणतो, ‘काढली असती हो, पण बघायला माणूस नाही.’ समोर चार नोकर उभे असतात. ‘बघायला माणूस’ म्हणजे घरचा माणूस, गल्ल्यावर बसणारा.

तारापुरात हेच कारखान्याच्या आकारमानात दिसत होतं. प्रयोगाआधी त्या कंपन्यांत मोठे निर्णय फक्त मालकाच्या कुटुंबातली माणसं घेत. पगारी मॅनेजर वर्षानुवर्षं काम करूनही मोठी खरेदी करू शकत नव्हता, स्वतःच्या अधिकारात माणूस नेमू शकत नव्हता. मालकाला भीती चोरीची. आणि ती भीती वेडगळ नव्हती. बाहेरच्या माणसाने माल लंपास केला तर कोर्टात जायचं, आणि कोर्टात तारखा पडत राहायच्या. जिथे कायदा वेळेवर धावून येत नाही, तिथे माणूस रक्ताच्या नात्यावर विसंबतो. म्हणून मालकाचा सगळा दिवस कारखान्यात देखरेख करण्यात जातो. त्याचे दोन डोळे जिथवर पोचतात तिथवर धंदा, आणि तिथवरच नोकऱ्या. श्रीलंकेतल्या त्या धंदेवाल्यांचा हात कशाने आखडला, हे तारापूरच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. पण तिथेही माणूस स्वस्त होणं पुरेसं पडलं नाही, एवढं खरं.

या हिशोबात फक्त पुरुष मोजले गेले, कारण या धंद्यांत सूत्रं पुरुषांच्याच हाती होती. शिकलेल्या मुली आणि सुना घरात असताना मालक म्हणत होता, बघायला माणूस नाही. मला या संशोधनातली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते.

आणि मग त्या साध्या वह्यांनी एक काम केलं, ज्याची जाहिरात कुणी केली नव्हती. रोजचे आकडे कागदावर आणि संगणकावर येऊ लागल्यावर मालकाला कारखान्यात न जाताही कळू लागलं, की सूत किती आलं, किती विणलं, किती उरलं. चोरी झाली तर आकडा बोलणार होता. सुधारणा झालेल्या कारखान्यांत मॅनेजरांच्या हातात जास्त अधिकार आले. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी नवे कारखाने उघडायला सुरुवात केली. अर्थशास्त्रातल्या मान्यवर नियतकालिकात २०१३ साली या प्रयोगावरचा निबंध छापून आला, तेव्हा जगभर चर्चा झाली ती १७ टक्क्यांची. मला मात्र त्यातली ही अधिकाराची गोष्ट जास्त मोलाची वाटते. परका माणूस भरवशाचा ठरवायला त्याचं नातं लागत नाही, नोंद लागते, हे तिने दाखवून दिलं.

संशोधक २०१७ साली पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सोडून दिलेल्या होत्या. तरीही मदत मिळालेले आणि न मिळालेले कारखाने यांतलं अंतर मोठं आणि स्पष्ट होतं. एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत या पद्धती पुष्कळ पसरल्या होत्या. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत मात्र फारशा गेल्या नव्हत्या. पद्धती का सुटल्या, याची सगळ्यात जास्त सांगितली गेलेली कारणं दोन: ज्याने त्या चालवल्या तो मॅनेजर सोडून गेला, किंवा मालकाला वेळ उरला नाही.

तारापूर आणि उंबरगावच्या कारखान्यांत घडलेली ही गोष्ट आता विद्यापीठांत शिकवली जाते. ती इचलकरंजीच्या, भिवंडीच्या, मालेगावच्या मागवाल्यांपर्यंत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या वहीच्या आकारात पोचायला हवी. हे काम कारखानदारांच्या संघटनांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हाती घ्यावं. छोट्या व्यापारी तंट्यांचे निकाल महिन्यांत लागतील अशी सोय सरकारने करावी. आणि ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांनी दुसऱ्या शाखेसाठी मुलगा मोठा होण्याची वाट बघू नये. मुलीला गल्ल्यावर बसवावं, आणि दहा वर्षं बरोबर असलेल्या मॅनेजरच्या हाती वहीसकट गोदामाची किल्ली द्यावी.