टावर चौकाची चार सेकंदं : जिफ की व्हिडिओ?

उज्जैन : फ्रीगंजातला टावर चौक. पुण्या-कोल्हापुरात 'टॉवर' म्हणतील, उज्जैनकर मराठी माणसाच्या तोंडी मात्र 'टावर'च. समजा, इथल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीनं दिवेलागणीला घड्याळाच्या मनोऱ्याची चार सेकंदांची क्लिप काढली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. बेळगावची आत्या बघते, बडोद्याचा काका बघतो. गाड्या जातात, क्लिप संपते, पुन्हा पहिल्यापासून सुरू. आवाज नाही. अशा फिरत राहणाऱ्या क्लिपला सगळे सरसकट 'जिफ' म्हणतात. पण आत्याच्या मोबाईलवर जे फिरतंय ते बहुधा जिफ नसतंच, तो बिनआवाजाचा व्हिडिओ असतो.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. मोबाईलची जागा भरली म्हणून नातवंडांचे फोटो पुसायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना तो लगेच कळेल.

जिफ हा प्रकार १९८७ सालचा. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, तेव्हा चित्रं टेलिफोनच्या तारेवरून सावकाश उतरत. म्हणून एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. १९८९ च्या सुधारणेत एकामागून एक चित्रं ठरावीक वेळानं दाखवायची सोय आली, आणि १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरनं ती पुन्हा पुन्हा फिरवायची युक्ती जोडली. (उच्चार 'जिफ' की 'गिफ' हा वाद अजून चालू आहे. विल्हाइट स्वतः 'जिफ' म्हणत.) थोडक्यात, जिफ म्हणजे चित्रांची चळत. व्हिडिओ म्हणून तिची घडण झालेलीच नाही.

आता टावर चौकाच्या क्लिपचा हिशेब करू. ४८० बाय २७० ठिपक्यांचं लहानसं चित्र, सेकंदाला १५ चित्रं, चार सेकंदं. म्हणजे ६० चित्रं आणि प्रत्येकात १,२९,६०० ठिपके. जिफमध्ये एका ठिपक्याला एक बाइट धरला तर दाबण्याआधीचा आकडा पावणेआठ एमबीच्या आसपास जातो. जिफ तो दाबते, पण तिची पद्धत एकच : तेच तेच रंग त्याच क्रमानं आले की त्यांची छोटी खूण करून ठेवायची. कोरी भिंत, सपाट निळा रंग असेल तर हे झकास चालतं. कॅमेऱ्यानं टिपलेल्या संध्याकाळच्या आकाशात मात्र शेजारचे दोन ठिपके क्वचितच सारखे असतात.

त्यात रंगांचा घोळ. आकाश केशरीतून जांभळ्यात उतरतं, आणि जिफला ते २५६ रंगांत बसवायचंय. मग आकाशात पट्टे दिसतात. पट्टे लपवायला बारीक ठिपके शिंपडले तर सारखेपणा आणखी मोडतो आणि फाइल उलट वाढते.

व्हिडिओचं डोकं वेगळं चालतं. तो एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्यांसाठी फक्त टिपण करतो : मनोरा होता तिथंच आहे, स्कूटर दहा ठिपके उजवीकडे सरकली. हात जरासा हलला तरी 'सगळं चित्र दोन ठिपके खाली' एवढं नोंदवून त्याचं बरंचसं काम भागतं. जिफलाही न बदललेला भाग गाळता येतो, पण हात हलला की तिच्या दृष्टीनं मनोऱ्यासकट सगळंच बदललं! सेकंदाला ५०० किलोबिट या बेताच्या दरानं हीच चार सेकंदं व्हिडिओत २५० केबीत बसतात, तीही सगळ्या रंगांनिशी. गूगलच्या वेब डेव्हलपरांसाठीच्या मार्गदर्शिकेतलं उदाहरण असंच आहे : ३.७ एमबीची जिफ एमपी-४ मध्ये ५५१ केबी झाली आणि वेबएममध्ये ३४१ केबी.

म्हणूनच ट्विटरनं २०१४ मध्ये जिफ घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून ती आतल्या आत व्हिडिओत बदलली जाते. व्हॉट्सअॅपवरही 'जिफ' असं लिहून जे फिरतं, ती एमपी-४ फाइल असते. मग कुणी ती उतरवून शाळेच्या प्रेझेंटेशनमध्ये चित्र म्हणून घालायला जातो आणि चित्रांच्या यादीत फाइल सापडतच नाही. सापडणार कशी? ती व्हिडिओंच्या यादीत बसलेली असते.

वेबसाइट चालवणाऱ्यांना व्हिडिओ जिफसारखा फिरवायचा तर चार सूचना द्याव्या लागतात : आपोआप सुरू हो, फिरत राहा, आवाज बंद, आणि आहेस त्याच जागी चाल. शेवटची सूचना आयफोनसाठी. तिथं २०१६ पूर्वी वेबपानावरचा व्हिडिओ पूर्ण पडदा व्यापूनच चालायचा. आवाज बंद ठेवणंही गरजेचं, कारण आवाज असलेला व्हिडिओ ब्राउझर सहसा आपोआप सुरू होऊ देत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त वेळ हलणारं काही पानावर असेल तर ते थांबवायची सोय हवी, असं वेबच्या सुगम्यता नियमांत आहे. हलत्या चित्रानं कुणाला गरगरतं, कुणाचं वाचनावरून लक्ष उडतं. व्हिडिओला थांबवायचं बटण सहज देता येतं, जिफला ते मुळात नाहीच.

एवढं ऐकून जिफ मोडीत काढायची घाई मात्र नको. गणेश चतुर्थीचं शुभेच्छापत्र घ्या. पिवळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, दोन-तीन चित्रं आलटून पालटून. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही अंगांनी निम्मी करतात. मनोऱ्याच्या दृश्यात ते जाणवत नाही, पण लाल अक्षरांच्या कडा पिवळ्यात उतरतात. देवनागरीला हे फार बोचतं, कारण अनुस्वार, रफार, ऱ्हस्व वेलांटी सगळं बारीक. अनुस्वार पुसट झाला की शब्दच बदलतो. इथं साधी जिफ स्वच्छ दिसते, तिची धाकटी भावंडं म्हणावीत अशी एपीएनजी किंवा हलती वेबपी त्याहून बरी. जिफमध्ये ठिपका एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण पारदर्शक, म्हणून गणपतीच्या कडेनं पांढरी किनार उरते. वेबपीत अर्धवट पारदर्शकता चालते. व्हॉट्सअॅपचे स्टिकर वेबपीतच असतात : ५१२ बाय ५१२ ठिपके, हलता असेल तर ५०० केबीच्या आत.

ईमेलमध्येही जिफच टिकून आहे, कारण पुष्कळ ईमेल प्रोग्रॅम मजकुरातला व्हिडिओ चालवत नाहीत. काही जुने तर जिफचंही फक्त पहिलं चित्र दाखवतात. परदेशातल्या नातेवाइकांना लग्नपत्रिका अशी पाठवायची तर तारीख, वेळ, कार्यालयाचं नाव पहिल्याच चित्रात घालावं.

व्हिडिओतही नवं-जुनं आहेच. २०१८ चा एव्ही-१ हा प्रकार २००३ च्या एच.२६४ पेक्षा कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र देतो, पण जुन्या मोबाईलच्या चिपमध्ये तो उलगडायची सोय नसते. ते काम मग मुख्य प्रोसेसरवर पडतं आणि बॅटरी उतरते. एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतो. घरच्या ग्रुपसाठी आजही तोच बरा.

टावर चौकाची ती क्लिप वेबपानासाठी जिफ करून हवी असेल तर खुशाल करावी, पण मोबाईलमधली मूळ फाइल पुसू नये. जिफमध्ये गळालेले रंग तिचा पुन्हा व्हिडिओ केला तरी परत येत नाहीत. फाइल हलकी होते, पण केशरी आकाशातले पट्टे तसेच राहतात.